दीड इंच माया

आमच्या गल्लीतल्या मावशींकडे मी ब्लाउज शिवायला टाकते, त्याला आता वीस वर्षं होतील. मापाचा ब्लाउज सोबत नेला तरी त्या टेप काढतातच. छाती, कंबर, बाहीची उंची, आणि शेवटी दंडाला टेपचा वेढा देऊन "दंडघेर साडेअकरा" असं स्वतःशीच पुटपुटत वहीत टिपून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी असंच माप चालू असताना मी म्हटलं, "मावशी, या वेळी बाहीत माया जास्त सोडा."

"किती?"

"दीड इंच तरी."

मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करायला. मावशींचा हिशेब ठरलेला आहे: एरवी अर्धा इंच, नवी नवरी असेल तर इंचभर. "दीड इंच?" त्या म्हणाल्या. "अगं, एवढी माया सख्खी सासू लावत नाही. काय, जाड व्हायचा विचार आहे की काय?"

"जाड नाही हो. सोमवारपासून जिममध्ये वजनं उचलणार आहे."

मावशींनी टेपचा वेढा पुन्हा एकदा दिला, आणि गावाला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्या दंडाकडे बघून घेतलं.

मी साताऱ्यात एका बँकेत नोकरी करते आणि पहाटे धावते. धावणं चाळिशीत सुरू केलं, म्हणजे हौसच. पदकं मिळतात ती सगळी पूर्ण केल्याबद्दलची. आमच्याकडच्या हिल मॅरेथॉनचा रस्ता समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटात चढतो आणि त्याच वाटेने परत येतो. एकूण अंतर एकवीस किलोमीटर आणि वर थोडे मीटर. ते थोडे मीटर कागदावर ९७.५ आहेत, पायांना ते वेगळे मोजून मिळतात. लोक चढाला घाबरतात. माझा चढ बरा जायचा. वर पोचून वळलं, समोर अजिंक्यतारा दिसला, आता सगळा उतारच म्हणून जीव भांड्यात पडला, की उजवा गुडघा बोलायला लागायचा.

दोन वर्षं गुडघ्याला तेल चोळलं, पट्टा बांधला, बूट बदलले. शेवटी एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेले. त्यांनी मला एका पायावर उभं राहून हळूहळू खाली बसायला सांगितलं. मी हळूहळू म्हणता म्हणता धपकन बसले. त्या म्हणाल्या, "गुडघ्याला काही झालेलं नाही. मांडीत काही नाही, म्हणून गुडघा कुरकुरतोय." मग त्यांनी उताराचं गणित सांगितलं. धावताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत तो भार पेलतो, ब्रेकसारखा. ब्रेक गुळगुळीत झालेले असतील तर गाडी कुठेतरी आदळणारच. "आठवड्यातून दोनदा वजनं उचला," त्या म्हणाल्या. "चांगली जड."

जड हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, ते सांगायला लाज वाटते. मी नऊवारीत, हातात चांदीची गदा.

धावण्याच्या ग्रुपमध्ये विषय काढला तर माझ्यासारख्याच भ्यालेल्या आणखी चारजणी निघाल्या. एकीला खांद्यांची भीती, एकीला मानेची. एकीने दोन किलोची गुलाबी डंबेल्स घेतली होती, आणि तीही "फार झालं तर" म्हणून एक दिवसाआड. हीच बाई दहा किलोचा दळणाचा डबा कमरेवर घेऊन तिसरा मजला चढते आणि भरलेला सिलिंडर एका हाताने तिरपा करून न्हाणीघरापासून ओट्यापर्यंत फिरवत नेते. भरला सिलिंडर तीसेक किलो असतो. त्याने कुणाची बॉडी झाल्याचं ऐकिवात नाही, पण डंबेलवर आकडा छापलेला असतो ना, त्याची दहशत.

पुरुषांनाही भीती होतीच, फक्त ती शास्त्रशुद्ध भाषेत होती. आमच्या ग्रुपमध्ये कराडकडचे एक निवृत्त काका आहेत. ते म्हणाले, "धावणाऱ्याचं अंग घोड्यासारखं हवं, म्हशीसारखं नाही. वाढलेला प्रत्येक किलो तुम्हालाच घाटात वर न्यायचाय." हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. चढाला वजन जाणवतंच. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. पुढे कधीतरी पोवई नाक्यावर वरातीचं घोडं पाहिलं आणि लक्षात आलं, की काकांनी घोड्याची मांडी कधी नीट बघितलेलीच नाही.

या भीतीचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि ती मला फार लाघवी वाटते. आपलं सगळं कसं झटपट आणि भरघोस होणार, याची तिला केवढी खात्री! माझ्या आयुष्यात एकही गोष्ट ठरल्या वेळेआधी झालेली नाही. पहिलं प्रमोशन अकरा वर्षांनी. पुरणपोळी न फुटता लाटायला लग्नानंतर सात वर्षं. इंग्रजी बोलण्याचा क्लास दोनदा लावला, अजून हेड ऑफिसचा फोन आला की शेजारच्या टेबलाकडे देते. पण व्यायामाच्या बाबतीत मात्र मला धास्ती की चार दिवस लोखंड उचललं, की पाचव्या दिवशी बाह्या फाटणार. आमच्या काउंटरला एक गृहस्थ येतात. महिना पाचशे रुपयांची आवर्ती ठेव उघडली आणि फॉर्मवर सही करायच्या आधी मला विचारलं, "मॅडम, याच्या व्याजावर इन्कम टॅक्सवाले मागे नाही ना लागायचे?" मी हसू दाबलं होतं. सोमवारी जिमच्या पायऱ्या चढताना ते गृहस्थ मला आठवले.

आमचा ट्रेनर कोरेगावकडचा, तिशी उलटलेला. छाती एवढी, की टी-शर्टवरची अक्षरं पसरून त्यांचा अर्थच जातो. मी पहिल्या दिवशी बजावलं, "हे बघ, मला ताकद हवी आहे. बॉडी नको."

"बॉडी नको म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे दंड-बिंड फुगायला नकोत."

त्याने हातातली प्लेट सावकाश खाली ठेवली आणि बाकावर बसला. आता हा आपल्याला काही तंत्र समजावून सांगणार, असं मला वाटलं. पण तो मन मोकळं करत होता.

"मॅडम, मला अकरा वर्षं झाली. पाटं पाचला उठतो. दिवसाला पंधरा अंडी, त्यातली बारा पिवळं काढून. अर्धा किलो चिकन, बिनतेलाचं, बिनमिठाचं. दिवसातनं सहा वेळा खातो. सख्ख्या बहिणीच्या हळदीत मांडवामागं जाऊन उकडलेली अंडी खाल्लीत, आईनं दोन दिवस अबोला धरला. जिल्ह्याच्या स्पर्धेला दोनदा उतरलो, एकदा पाचवा आलो. आणि दंड सोळावर अडकलाय. तीन वर्षं झाली, सोळाचा सतरा होईना." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही काय खाता?"

"सकाळी पोहे. दुपारी दोन पोळ्या, भाजी. रात्री वरणभात."

"वरण किती?"

"वाटीभर."

"घट्ट का पातळ?"

"पातळच."

त्याने निःश्वास सोडला. त्या निःश्वासात माझ्याबद्दल करुणा होती. "काय होत न्हाय, मॅडम. बिनघोर उचला."

मराठीत शरीर 'कमावतात', हे किती नेमकं आहे, ते मला त्या बाकावर कळलं. या पोराइतक्या कष्टाने मी पगारसुद्धा कमावलेला नाही. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नसतं. त्याच्याकडे ते आहे, पंधरा अंडी आहेत, अकरा वर्षं आहेत, आणि तरी एक इंच मिळत नाही. आणि मी फुकटात तो इंच गळ्यात पडेल म्हणून दीड इंच माया सोडून आले होते.

तरी भीती लगेच गेली नाही. पहिल्या दिवशी फक्त रिकामा रॉड खांद्यावर घेऊन बैठका काढल्या, तो रॉडच वीस किलोचा. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी बँकेच्या जिन्यात कठडा धरून आडवी आडवी उतरले. शिपाई धावत आला, त्याला वाटलं चक्कर आली. घरी येऊन वजन केलं तर काटा एक किलोने वर. मांड्याही टम्म लागत होत्या. मी ट्रेनरला फोन केला, "बघ, आली बॉडी!" तो म्हणाला, "पाणी हाय ते, मॅडम. आठ दिवसांनी बघा." सवय नसलेला स्नायू कामाला जुंपला की सुजतो, पाणी धरतो, हे मला नंतर वाचून कळलं. आठ दिवसांनी काटा जागच्या जागी. खरं सांगायचं तर मला किंचित हुरहुर वाटली.

पण दोन महिन्यांत रिकामा रॉड जाऊन त्यावर दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा चढल्या. माप मात्र तेच. मग ही जास्तीची ताकद आली कुठून? याचं उत्तर मला आमच्या शाखेतच मिळालं. आमच्याकडे काउंटर आठ आहेत, पण एरवी तीनच उघडे असतात. बाकीच्यांवर 'शेजारच्या खिडकीत चौकशी करावी' अशी पाटी. गर्दीच्या दिवशी साहेब ओरडले, की आणखी दोन उघडतात. स्नायूचंही असंच आहे. स्नायूतले सगळे तंतू आपण एरवी एकदम कामाला लावतच नाही. मेंदूकडून हुकूम जातो तो थोड्यांनाच, बाकीचे पाटी लावून बसलेले. जड वजन उचलायला लागलं, की पहिल्या काही आठवड्यांत बंद खिडक्या उघडतात आणि आतली माणसं एकमेकांशी जुळवून काम करायला शिकतात. इमारत वाढत नाही. नवा मजला चढवायचा तर विटा लागतात, म्हणजे ती अंडी.

याचा सगळ्यात गोड दाखला बोस्टनचा आहे. १९९० साली तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना डॉक्टरांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. वय सरासरी नव्वद. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जोखलं तर वाढ ९ टक्के. हे मी काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, "नव्वदीत मला कशाला हवीय ताकद?" आणि मग जरा थांबून, "संडासातून उठायला बरी, म्हणा."

उठायला बरीच लागते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातले तीन ते आठ टक्के स्नायू गुपचूप कमी होत जातात, असं म्हणतात. खात्यात किमान शिल्लक नसली की आम्ही जसे पैसे वळते करतो तसेच. पासबुक भरून आणेपर्यंत खातेदाराला पत्ता नसतो, आणि मग तो येऊन आमच्यावर ओरडतो. म्हणजे ज्या वयात मी जास्तीच्या भीतीने कापड राखून ठेवत होते, त्या वयात आत वजाबाकी चालू होती.

आणि धावणाऱ्यांची तर कथाच वेगळी. रॉबर्ट हिक्सन नावाचा एक अमेरिकन संशोधक होता, मूळचा वजनं उचलणारा गडी. सेंट लुईसला तो ज्या प्राध्यापकांकडे काम करायला गेला, ते धावण्याचे शौकीन. साहेब धावतात तर आपण कसं नाही म्हणायचं? हाही त्यांच्या मागून धावायला लागला. काही दिवसांनी बघतो तर कमावलेलं अंग उतरायला लागलेलं. पुढे त्याने याचाच अभ्यास केला आणि १९८० साली छापला. एक गट नुसती वजनं उचलणारा, एक नुसता दमसासाचा व्यायाम करणारा, एक दोन्ही करणारा. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली आणि मग अडखळली, शेवटी थोडी घसरलीच. तेव्हापासून शास्त्रज्ञांची काळजी ही आहे, की धावणं माणसाला ताकद कमावू देतं की नाही. आणि इकडे आम्ही पाचजणी आणि एक काका. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावून वर फुगण्याची भीती बाळगणं, म्हणजे तळाला भोक असलेला हंडा भरून वाहील म्हणून नळ बंद करणं.

हंड्यावरून आजी आठवली. तिच्या डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर माझा काका असायचा. ग्रीकांमध्ये मायलो नावाच्या पैलवानाची गोष्ट सांगतात, की तो रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा, आणि वासराचा बैल झाला तरी घेतच राहिला. वजन रोज थोडं थोडं वाढवत नेणं, ही सगळ्या जिमची गुरुकिल्ली त्यात आहे म्हणे. काकाला आजीने पाच वर्षांचा होईपर्यंत कडेवर घेतलं, आणि तो चांगला वजनदार होता. मायलोला पुतळे मिळाले. आजीचे दंड काडीसारखे होते, चोळीची बाही सैल लोंबायची.

काकांचं, म्हणजे ग्रुपमधल्या काकांचं, मतपरिवर्तन मात्र बोस्टनने झालं नाही, ते गावच्या अभिमानाने झालं. एकदा घाटात चढता चढता मी विचारलं, "काका, खाशाबा जाधव तुमच्या गोळेश्वरचेच ना? वजन किती होतं हो त्यांचं?" काका खुलले. "हेलसिंकी, १९५२. बँटमवेट. म्हणजे सत्तावन्न किलोच्या आत! तेवढ्या अंगात ब्राँझ आणलं पठ्ठ्यानं." आणि पुढची दहा पावलं गप्प झाले. कारण ते स्वतः बहात्तर किलोचे आहेत आणि तालमीत कधी गेलेले नाहीत. मीही मग घाव घालून घेतला. वेटलिफ्टर मीराबाई चानू टोकियोला एकोणपन्नास किलोच्या गटात होती. तिथे तिने एकशे पंधरा किलो डोक्यावर नेलं. या खेळाडूंचं वजन गटाबाहेर गेलं तर खेळायलाच मिळत नाही, म्हणून ते आयुष्यभर ताकद वाढवतात आणि वजन वाढू देत नाहीत. "हं," काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात जिममध्ये ते एका मशीनवर बसलेले दिसले. मशीन कशाचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण बसले होते.

थोडंफार अंग भरतं, हेही खरं आहे. आमच्यातल्या एकीला चार महिन्यांत दीड किलो वाढलं, आणि तिची दहा किलोमीटरची वेळ दोन मिनिटांनी उतरली. तिला विचारलं की ती फक्त वेळ सांगते.

परवाच्या शर्यतीत मी नेहमीसारखीच वर पोचले, पावसाची भुरभुर होती. वळले. उताराला लागले आणि सवयीने गुडघ्याची वाट बघत राहिले. पहिलं वळण, दुसरं वळण. काही नाही. मांड्या आपलं आपलं काम करत होत्या. ब्रेक लागत होते. खाली शहर दिसायला लागलं, तेव्हा एका लहान मुलीने आईच्या कडेवरून टाळीसाठी हात पुढे केला आणि मी धावता धावता तिला टाळी दिली, हे पहिल्यांदा. एरवी उताराला माझे दोन्ही हात तोल सांभाळण्यात गुंतलेले असायचे. घरी जाऊन चार कंदी पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना समोरून उतरले, शिपायाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी मावशींकडे गेले. मापाला तोच दोन वर्षांपूर्वीचा ब्लाउज नेला होता. त्यांनी तो उलटा केला आणि बाहीची शिवण बोटांनी उकलून मला दाखवली. बाहेरचा जांभळा रंग धुऊन धुऊन मळकट झाला होता. आत दुमडलेली दीड इंच माया दुकानातून आणली तशी, करकरीत जांभळी. "बघ," मावशी म्हणाल्या, "कात्री लावायची वेळच आली नाही. उगाच काखेत टोचत असेल ना?"

"टोचते."

त्यांनी टेप काढला. दंडाला वेढा दिला. मी श्वास रोखून दंड जरा आवळला. मावशींच्या ते लक्षात आलं असावं, पण त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा वर केला, टेपवर अंगठा दाबला. "साडेअकरा... आणि दोन सूत."

"दोनच?"

"दोन. कशीबशी."

"मावशी, टेप जुना झालाय तुमचा. ताणून सैल पडला असेल, म्हणून कमी दाखवतो."

"गेल्या महिन्यात घेतलाय," मावशी म्हणाल्या, आणि पेन्सिल थुंकीने ओली करून वहीत दोन सूत टिपली. "बरं, या वेळी माया किती सोडू? नेहमीची अर्धा इंच?"

"दीडच सोडा," मी म्हटलं.